पाऊणकीवाले मामा

तुम्हाला पाऊणकी येते का? खरं सांगा. मी पाढ्यांबद्दल विचारत नाही. पाढे सगळ्यांना येतात, निदान येतात असं सगळे म्हणतात. मी पाऊणकी विचारते आहे. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. येत नसेल तर लाजू नका. मलाही येत नव्हती, आणि मी तर गणिताची पदवी घेऊन बसले होते. पण माझ्या आत्याच्या यजमानांसमोर तुम्ही उभे राहिला असतात, तर त्यांनी तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून एकच शब्द उच्चारला असता, "अर्धा." म्हणजे अर्धा माणूस. जगातली कोणतीही गोष्ट पूर्ण नसते, सगळं काही पावात, अर्ध्यात नाहीतर पाऊणात असतं, असं ठामपणे मानणारा आणि तरीही जन्मात एकही काम अर्धवट न सोडलेला असा दुसरा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

आत्याचे यजमान, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. पेणच्या पश्चिमेला भातशेती संपून मिठागरं आणि खाडी सुरू होते, तिथल्या एका गावात ते राहतात. त्यांचं काम उघाडी सांभाळण्याचं. ज्यांनी आमचा खाडीकाठ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत. समुद्र आणि भात यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध असतो आणि त्या बांधाला एक दार ठेवलेलं असतं, तीच उघाडी. ओहोटीला तिच्या फळ्या उचलायच्या म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत फळ्या खाली टाकायच्या म्हणजे खारं पाणी आत येत नाही. खारं पाणी एकदा आत शिरलं की ते शेत पुढची दोन-तीन वर्षं दाणा देत नाही. थोडक्यात, अख्ख्या गावाचं जेवण मामांच्या घड्याळावर अवलंबून होतं, आणि मामांच्या घड्याळाला मिनिटकाटा नव्हता.

तो पूर्वी कधीतरी गळून पडला होता. उघाडीच्या खोपटात फळीवर ठेवलेलं ते किल्लीचं घड्याळ दुरुस्त करून आणावं असं मामांना कधी वाटलं नाही. तासकाटा दोन आकड्यांच्या मध्ये नेमका कुठे उभा आहे हे पाहून ते वेळ सांगत: सव्वा, साडे, पावणे. "मिनटं कशाला पायजेत?" ते म्हणत. "पाव, अर्धा, पाऊण. त्याच्या खाली जो बोलतो तो मानूस लबाड. सात वाजून तेवीस मिनटांनी आलो, असं सांगनारा घरनं ठरवून आलेला असतो."

भरतीची वेळ मात्र ते घड्याळात बघत नसत, ती पाऊणकीतून काढत. आजची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं, की समुद्रावर भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. तिथून आमच्या खाडीत पाणी चढायला सव्वा तास लागतो, तो मिळवायचा. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार आणि सव्वा, म्हणजे पाच. द्वितीया असेल तर बे पाऊण दीड आणि सव्वा, म्हणजे पावणेतीन. भाकरीचा तुकडा मोडून तो तोंडात जाईपर्यंत मामांचं उत्तर तयार असे. कॉलेजात चंद्राचा आणि भरतीचा संबंध मी सूत्रांनी भरलेल्या पानांवर शिकले होते. मामांच्या आज्याने तो एका पाढ्यात कोंबून नातवाला दिला होता.

ह्या पाढ्याने मामांचं सगळं आयुष्यच व्यापलं होतं. पेणच्या एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात ते पाऊण कप चहा मागत आणि कप काठोकाठ आला तर परत पाठवत. हॉटेलवाला वैतागून म्हणे, "मामा, भरलेला कप प्यायलात तर काय बिघडेल?" त्यावर मामा शांतपणे म्हणत, "भरलेलं सांडतं. बांधाचंबी तसंच हाय." गणपतीची मूर्ती सांगायला ते पेणला आमच्या आळीत येत तेव्हा सोबत एक बांबूची काठी आणत. तिच्यावर पाव-पाव फुटाच्या खाचा होत्या. मूर्ती सव्वा फूट हवी म्हणजे सव्वा फूटच. एकदा मूर्तीच्या कारखानदाराने विचारलं, "मुकुट धरून सव्वा की मुकुट सोडून?" मामा पाटावर बसून काठीच्या खाचा मोजत राहिले आणि मग म्हणाले, "मुकुट काय जन्माबरोबर येतो काय? सोडून." त्या वर्षी त्यांचा गणपती पावणेदोन फुटांचा झाला, देव्हाऱ्याच्या कमानीत मावेना, आणि दहा दिवस पडवीत बसला.

माणसांनाही ते असंच मोजत. दीडशहाणा हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण मामांकडे पावशहाण्यापासून अडीचशहाण्यापर्यंत सगळी मापं होती आणि कोणाला कुठलं लागू पडतं हे ठरलेलं होतं. मी दीडमध्ये होते. "अजून पावनेदोनवर नाय गेली, आशा हाय," असं ते माझ्या वडिलांना सांगत. आत्याने एकदा पाहुण्यांसमोर सहज म्हटलं, "आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली." मामा लगेच म्हणाले, "सव्वाएकतीस." आत्या म्हणाली, "पाव कुठून काढलंत?" मामांनी उत्तर दिलं, "तू बाळंतपनाला माहेरी होतीस ते तीन महिने. ते काय सोडून द्यायचे?" आत्या पदराने कपाळ पुसत म्हणाली, "सोडू नका हो. सव्वाएकतीसमधलं तेवढंच पाव सुखाचं गेलं."

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय मामांचं चित्र पुरं होत नाही.

माझे वडील छापखान्यात कामाला होते. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवरून. 'एक होता राजा' मला नंतर कळलं, 'बंधूंनो आणि भगिनींनो' आधी पाठ झालं. त्या पत्रकांनी मला पुष्कळ चांगल्या गोष्टी शिकवल्या, आणि एक वाईट गोष्टही शिकवली: जुनं ते सगळं अडाणी. त्यामुळे बांधाच्या कचेरीतून जेव्हा मामांकडे नवी छापील नोंदवही आली आणि तिच्यासोबत 'वेळ अंकांत व स्पष्ट लिहावी, जुन्या खुणा ग्राह्य धरल्या जाणार नाहीत' असा कागद आला, तेव्हा मला आनंदच झाला. मामा तोवर जुन्या रीतीने लिहीत असत. चार आणि पुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वाचार, दोन रेघा म्हणजे साडेचार, तीन रेघा म्हणजे पावणेपाच. कचेरीतल्या कारकुनाने त्यांना विचारलं होतं, "मामा, आकड्यांना कुंपण कशाला घातलंय?"

मामा नोंदवही बगलेत मारून आमच्याकडे पेणला आले. "अंकात म्हंजे कसं गो?"

"सोपं आहे," मी म्हटलं. "पाव म्हणजे पॉइंट पंचवीस. अर्धा म्हणजे पॉइंट पन्नास. पाऊण म्हणजे पॉइंट पंचाहत्तर."

"पंचाहत्तर काय?"

"शंभरातले पंचाहत्तर."

"पन तासात मिनटं साठ हायत ना?"

"मिनिटांचा इथे संबंध नाही, मामा. तासाचे शंभर भाग केले असं समजा."

"तासाचे शंभर भाग कोन करतो?"

"सगळं जग करतं," मी म्हटलं.

मामांनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता आणि मी त्याला भाषण करून उत्तर दिलं होतं. सगळं जग मुळीच तसं करत नाही. आपल्याकडे पावणेबारा लिहायचे तर अकरा, टिंब, पंचेचाळीस असंच लिहितात. शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या पत्रिकेत. पण मला ते टिंब लबाड वाटत होतं. दशांशचिन्ह लावायचं आणि पुढे साठातले भाग लिहायचे, ह्याला काय अर्थ आहे? मामांसारख्या सच्च्या माणसाला मी सच्चा दशांश शिकवायचं ठरवलं. त्यांनी जमिनीवर बसून खडूने हिशेब करून पाहिला. दोन गुणिले पॉइंट पंचाहत्तर, एक पॉइंट पन्नास. त्यात एक पॉइंट पंचवीस, दोन पॉइंट पंचाहत्तर. ते मान वर करून हसले. "अगो, ही तर आपलीच पाऊनकी. निसते कपडे बदललेत." त्या दिवसापासून नोंदवहीत एकही उभी रेघ उमटली नाही.

दशांशाने मामांना पुरतं पछाडलं. त्यांची मुलगी रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात दिलेली, त्यामुळे पेणहून रोह्याला जाणं असे. स्टेशनातल्या फळ्यावर गाडीची वेळ ८.५० लिहिलेली असे. मामा ती साडेआठ वाचत आणि सव्वाआठला हजर होत. साडेआठ झाले की खिडकीपाशी जाऊन भांडत. "वाजले की साडेआठ! गाडी कुठं हाय?" खिडकीतले बाबू म्हणत, "आठ पन्नासची आहे मामा, वीस मिनिटं आहेत अजून." "मंग वीस मिनटं लेट हाय असं लिवा ना. लाज कशाची?" सगळा फलाट हसत असे. हे ऐकून मीही हसले आणि म्हटलं, "मामा, रेल्वेवाले जुन्या पद्धतीने लिहितात."

"सगळं जग म्हनालीस, त्यात टेशन नाय?"

"स्टेशन मागासलेलं आहे."

"आनि कचेरी?"

"कचेरीने शास्त्रीय नोंदवही मागवली आहे," मी म्हटलं. कचेरीत जाऊन एकदा विचारावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. ज्याला सगळं माहीत असतं त्याला विचारायचं सुचत नाही.

त्याच वर्षी उघाडीपासून पाचशे पावलांवर बांधाला चीर गेली. मामांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि तिच्यात बांबूची काठी घालून खोली मोजली. पाऊण फूट. पंधरवड्याने पुन्हा मोजली तर दीड. गावाने कचेरीला अर्ज दिले. एक, दोन, तीन. तिन्ही मीच लिहिले. तिसऱ्या अर्जाबरोबर मी एक पत्रकही छापून पेणच्या बाजारात वाटलं: 'बांध फुटण्याची वाट कोण पाहत आहे?' त्या पत्रकाने कचेरीत माझं नाव झालं, आणि बांधावर मातीचं एक घमेलंही पडलं नाही.

नवरात्रातली द्वितीया होती. उधाणाचे दिवस. ऊन लख्ख पडलेलं, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि भात दाण्यावर आलेलं. मामांनी सकाळीच हिशेब केला होता: पावणेतीनला भरती पूर्ण, म्हणजे बाराला पाणी उघाडीच्या उंबऱ्याला लागणार. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पाव तास आधी, पावणेबाराला, त्यांनी फळ्या टाकल्या, सांधे चिखलाने लिंपले, आणि खोपटात जाऊन नोंदवहीत लिहिलं: ११.७५. बाराला पाणी आलं आणि फळ्यांवर डोकं आपटत राहिलं. दोन वाजून गेल्यावर पाचशे पावलांवरच्या त्या चिरेपाशी माती खचली. बांधाला खांड पडली, पाण्याला आत यायला वाट झाली. मोठा आवाज झाला असेल असं तुम्हाला वाटेल, पण तसं काही झालं नाही. आत्या सांगते, बायका शेतात होत्या, आधी त्यांच्या पायांना पाणी लागलं, आणि एकीने वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. ती खारट थुंकी पाहिली तेव्हा गावाला कळलं.

चौकशी लागली. तिच्यात एकच प्रश्न होता. गाव म्हणत होतं, बांध चिरेमुळे फुटला, चीर कचेरीने बुजवली नाही; हे मान्य झालं असतं तर कचेरीला बांध नव्याने, दगड लावून बांधून द्यावा लागला असता. कचेरी म्हणत होती, उघाडी वेळेवर बंद झाली नाही, आत शिरलेल्या पाण्याने बांध मुळापासून भिजला. म्हणजे चूक गावच्या माणसाची आणि बांध गावाने पाहावा. पाणी बाराला आलं हे दोघांनाही मान्य होतं. फळ्या बाराच्या आधी पडल्या की नंतर, एवढंच ठरायचं होतं.

चौकशीचे साहेब रोह्याला बसत. मामांबरोबर मी गेले. मामांनी धुतलेला सदरा घातला होता आणि घड्याळ फडक्यात बांधून बरोबर घेतलं होतं, साक्षीदाराला न्यावं तसं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मामांना खुर्ची दिली. "उघाडी किती वाजता बंद केलीत?"

"पावनेबारा."

साहेबाने टाइप केलेल्या उताऱ्यावर बोट ठेवलं. "इथे सव्वाबारा आहे. बारा पंधरा."

"मी बारा लिवलेलंच नाय साहेब. अकरा लिवलंय."

मूळ नोंदवही काढली. साहेबाने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "अकरा पंचाहत्तर? मामा, तासात पंचाहत्तर मिनिटं असतात का?"

शेजारी बसलेला कारकून नम्रपणे म्हणाला, "तेच, साहेब. मिनिटं साठाच्या वर गेलेली दिसली, म्हणून मीच साठाचा एक तास करून पुढे घेतला. अकराचे बारा झाले, वर पंधरा उरली." त्याने ते किती काळजीने केलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शाळेत शिकवलेला हातचा त्याने इमानाने घेतला होता. त्या एका हातच्याने आमचा बांध नेला.

मी उठले. मी सांगितलं की हे दशांश आहेत, मिनिटं नव्हेत. मी पानं उलटून दाखवली: प्रत्येक नोंद पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर नाहीतर शून्याने संपते, मिनिटं असती तर कुठे दहा, कुठे चाळीस असती. साहेब थांबला. त्याने स्वतः चार पानं चाळली. त्याच्या कपाळावरची आठी सैल होताना मी पाहिली आणि मला वाटलं, जिंकलो.

"घड्याळ दाखवा," तो म्हणाला. मामांनी फडकं सोडलं. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं, मग मामांकडे. "ह्याला मिनिटकाटा नाही?"

"मिनटं लिवलेलीच नायत ना साहेब," मामा म्हणाले.

कारकून हसला. साहेब हसला नाही. पण आठी पुन्हा घट्ट झाली. "सरकारी नोंदवहीत ही पद्धत घालायला तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः तर दशांश शिकलेले दिसत नाही. ज्याने शिकवलं त्याने समोर येऊन लिहून द्यावं. अर्थात सरकारी नोंदवहीत ढवळाढवळ केली म्हणून त्याच्यावर काय कारवाई करायची ते नंतर बघू."

महिन्याभरापूर्वी मला पेणच्या एका शाळेत गणित शिकवायची तात्पुरती नेमणूक मिळाली होती. घरात ती पहिली नोकरी. मामांना ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी नाय," ते म्हणाले. "माजंच डोकं."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाजारात उभी राहून शंभर माणसांसमोर बोलणारी मी. तीन अर्जांखाली आणि एका पत्रकाखाली ठळक नाव घालणारी मी. मी म्हटलं, "नाही."

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही मामांच्या मुलीकडे जायचं म्हणून अष्टमीच्या पुलावर आलो आणि तिथेच थांबलो. खाली कुंडलिका नदीचं पाणी चढत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, इथे भरती किती वाजता पूर्ण होईल?" त्यांनी कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं. मग म्हणाले, "समुद्रावरची सांगीन. इथवर यायला पान्याला किती लागतो, ते मना ठावं नाय. ही आपली खाडी नाय." मामांना भरतीची वेळ सांगता आली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मुलीच्या घरी त्यांनी चहा घेतला. तिने कप काठोकाठ भरला होता. त्यांनी तो परत केला नाही, तसाच सगळा प्यायले.

अहवाल आला. 'उघाडीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे.' गावाने आपल्या अंगमेहनतीने खांड बुजवली, ती पुढच्या उधाणात गेली. पुन्हा बुजवली, पुन्हा गेली. आता तिथे तिवरं उगवली आहेत आणि जिथे आत्या भाताच्या रोपांच्या आवण्या करायची तिथे होडी लागते. गावातली तरणी माणसं रोह्याकडे कंपन्यांत शिफ्टला जातात. उघाडी उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना सारखंच पाणी असतं. मामांना कोणी दोष देत नाही, कोणी बोलून दाखवत नाही, आणि हेच वाईट आहे. पूर्वी लग्नाची वेळ ठरवायलासुद्धा लोक त्यांच्याकडे येत. आता ते पारावर बसलेले असले तरी लोक मनगटाकडे बघतात. मामा वेळ सांगत नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणतात, "वाजला असंल एकांदा."

माझी नेमणूक कायम झाली. मुलांना मी अपूर्णांक आणि दशांश शिकवते, आणि दरवर्षी पाऊण तासाला पंचेचाळीस मिनिटं म्हणतात की पॉइंट पंचाहत्तर तास, ह्या धड्यापाशी आले की फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

गेल्या महिन्यात मी गावात गेले आणि आत्याला सगळं सांगितलं. चार वर्षं पोटात धरलेलं होतं, ते रडत रडत सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "मना ठावं हाय गो," ती म्हणाली. "रोह्यावरनं आले त्याच सांजेला यांनी सांगितलं. मी लय भांडले. मी म्हनाले, पोरीचं नाव का नाय सांगितलंत? तर म्हनतात कसे, पोरीची नोकरी अख्खी हाय. माजं नाव पाऊन गेलं तरी पाव उरतं." तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "तो पाव पन कुठं उरला, ते मी रोज बघते."

मामा पडवीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "शाळंत पाऊनकी शिकवतात काय गो?" मी नाही म्हटलं. "मंग तू शिकीव," ते म्हणाले आणि हळू आवाजात स्वतःशीच सुरू झाले: चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. सातपर्यंत गेले आणि थांबले. मी पुढचं म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पडवीबाहेर पाणी होतं, जिथे पूर्वी भात होतं.

म्हणून हे लिहिलं. बंधूंनो आणि भगिनींनो, मामांना दशांश मी शिकवला, आणि विचारलं तेव्हा मी गप्प बसले. ही माझी साक्ष समजा. रोह्याच्या त्या साहेबांची बदली झाली आहे, पण अहवाल तिथल्याच कपाटात आहे आणि तो पुन्हा उघडता येतो, लोकांनी मागितलं तर. एकटीच्या कागदाला ते दाद देणार नाहीत, हे तीन अर्जांवरून मी शिकले आहे. तेव्हा उद्या पोस्टात जा आणि एक कार्ड घ्या. बांधाच्या चौकशीच्या साहेबांना, रोहे, एवढा पत्ता पुरेल. त्यावर लिहा: 'अकरा पूर्णांक पंचाहत्तर शतांश तास म्हणजे पावणेबारा. उघाडी वेळेवर बंद झाली होती.' खाली तुमचं नाव लिहा, स्पष्ट, पूर्ण. माझं कार्ड मी आज सकाळी टाकलं आहे. ते एकटं पडू देऊ नका.